माझ्या कमरेतलं हाड

मला एका जागी बसवत नाही. ही म्हातारपणाची खोड नाही, जन्माची आहे. चौथीपर्यंत शाळेत बसले तेवढंच माझं बसणं. मग बोर्डीकडे रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधायला जाऊ लागले, मग लग्न होऊन कासा आणि तलासरीच्या मधल्या या गावात आले, आणि तेव्हापासून भात, नाचणी, गुरं, पोरं यांच्यामागे फिरतेच आहे. नवरा म्हणायचा, ही तिरडीवरून उठेल आणि सरणाची लाकडं नीट रचून पुन्हा आडवी होईल. तोच आधी गेला. लाकडं कुठली काढायची ते मीच सांगितलं.

२०१४च्या आवणीत कमरेने घोळ सुरू केला. भात लावताना बाकीच्या बाया वाकून वाकून कळवळतात आणि कंबर सरळ करायला उभ्या राहतात. माझं उलटं. वाकलेली असले की ठीक, उभी राहिले की डाव्या कुल्ह्यातून पोटरीपर्यंत कळ उतरायची. घरापासून सडकेपर्यंत जायचं तर दोन-तीनदा दगडावर टेकावं लागे. जिला बसवत नाही तिच्यावर बसायची पाळी आली. कासा इथल्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, देवाचं बघणाऱ्या भगताकडून पाला आणला, दोन्ही घेतलं, दोन्हींचा उपयोग झाला नाही. शेवटी कासा इथल्याच डॉक्टरने मुलाला सांगितलं की हिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखव.

तिथल्या डॉक्टरने फोटो दिव्यावर लावून दाखवला. उतरंडीतलं एक मडकं पुढे घसरावं तसा माझा एक मणका खालच्यावरून पुढे घसरला होता आणि पायाकडे जाणारी शीर दाबत होता. स्क्रू घालून, सळयांनी बांधून मणके एकमेकांना जोडायचे, असं तो म्हणाला. पण स्क्रू काही जन्मभर भार धरत नाहीत. मधे हाडाचे दाणे भरायचे, त्यातून नवं हाड वाढतं आणि दोन मणक्यांचा एक होतो. तोवर स्क्रूंनी धरून ठेवायचं. हे मला लगेच कळलं, कारण कलमाचं असंच असतं. रायणीच्या रोपावर चिकूची काडी बसवायची आणि पट्टीने करकचून बांधायची. पट्टी जोडत नाही, ती फक्त हलू देत नाही. जोडायचं काम झाड करतं.

मग डॉक्टरने एका मुलीला बोलावलं. ती त्याच्या हाताखाली अभ्यासाचं काम बघायची, म्हणजे ऑपरेशनं झालेल्या माणसांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला बोलवायची. मुंबईची होती, बोलणं झरझर. तिने मला आणि मुलाला बाकावर बसवून सगळं समजावलं. ऑपरेशन करताना माझं स्वतःचं थोडं हाड निघणार, पण ते पुरत नाही, त्यात भर घालावी लागते. भर दोन प्रकारची. एक खऱ्या हाडाची. मेल्यावर ज्यांच्या घरच्यांनी देहातून हाडं दिली त्यांची, धुऊन, वाळवून, जंतू मारून दाणे केलेली. दुसरी कारखान्यात केलेल्या दाण्यांची, त्यात माणसाचं काही नाही. दोन्ही वापरात आहेत, पण जास्त चांगलं कुठलं ते नीट मोजून बघायचंय. मला त्यातलं कुठलं मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार, आणि सगळ्या माणसांची दोन-दोन वर्षं पुरी होईपर्यंत ते मला सांगणार नाहीत. माझे फोटो जो डॉक्टर वाचणार त्यालाही सांगणार नाहीत.

मी विचारलं, मला का नाही? ती म्हणाली, कळलं की माणूस त्याप्रमाणे दुखणं सांगायला लागतो, मुद्दाम नाही, आपोआप. हे मला पटलं. आमच्या घरात दोन जातींचं भात लावलं की ज्याने बी आणलं त्याला आपलाच वाफा उंच दिसायचा. नवरा तर डोळ्यांदेखत खोटं बोलायचा आणि त्याला ते खरं वाटायचं.

मी हो म्हटलं. मुलगा म्हणाला, आई, विचार कर. मी म्हटलं, ऑपरेशन तर होणारच आहे, आत काय भरतात ते मी थोडीच बघणार.

२०१५च्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं नाही. झोपले, उठले, पाठीत आग होती, पण पायातली कळ गेली होती. घरी पाठवताना त्या मुलीने नियम सांगितले. पट्टा काढायचा नाही. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, घागर उचलायची नाही. चालायचं मात्र भरपूर.

आमच्या घरात सगळं जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, भाजी चिरणं, दाणे निवडणं, नातवंडाला न्हाऊ घालणं, सगळं. मुलाने माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. ती ओटीवर ठेवली आणि मला तिच्यावर ठेवलं. सून खाली बसून काम करणार आणि मी वर बसून बघणार, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सूनच म्हणाली, आई, तुम्ही बाहेर जा.

चालायची परवानगी होती, म्हणून चालू लागले. घराभोवती, खळ्यापर्यंत, सडकेपर्यंत, परत. पावसात सुद्धा डोक्यावर इरलं घेऊन चालायची. लोक शेतात वाकलेले आणि मी बांधावरून ताठ चाललेली. शेजारचा एकजण चिखलातून ओरडून विचारायचा, बाय, पुढची फेरी कितीला? मग गावात माझं नावच एसटी पडलं. मी म्हणायची, एसटी निदान स्टँडवर थांबते तरी.

पायाला हात पोचत नव्हते, म्हणून पाय धुवायला माझी धाकटी जाऊ यायची. ती शेजारच्याच घरात राहते, शेतं वेगळी आहेत पण खळं एक आहे. आमचं फार गोड नाही. ती सगळ्याचं पाळते आणि मी कशाचं पाळत नाही, असं तिचं म्हणणं. पण रोज सकाळी तांब्या घेऊन यायची, खाली बसून माझे पाय घासायची आणि मला नावं ठेवायची. एका सकाळी बोलता बोलता मीच तिला सांगितलं की पाठीत दोनपैकी काहीतरी एक भरलंय, कारखान्याचे दाणे नाहीतर मेलेल्या माणसाचं हाड.

ती पाय धूत होती तशी धूत राहिली. दोन्ही पाय पुसले. मग उठली, विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानेच घरी गेली. मसणातून आल्यावर करतात तसं. दुसऱ्या दिवसापासून पाय सुनेने धुतले.

मी तेव्हा हसले. भातकापणीपर्यंत हसत होते.

आमच्यात मळणी झाली की खळ्यावर भाताची रास लावतात. रास मोजायच्या आधी दोन्ही घरांतल्या थोरल्या बाईने पहिली टोपली भरायची, कणसरीचं नाव घ्यायचं आणि ती बाजूला ठेवायची. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. त्या टोपलीतलंच भात पुढच्या वर्षीचं बी. सुतकातल्या हाताने ते भरलं तर बी रुजत नाही, असं मानतात. सासू गेल्यापासून ती टोपली माझी. देवाधर्माचं मला फार नाही, पण त्या टोपलीचं होतं. ती भरते म्हणून दोन्ही घरं माझं ऐकत होती. दुसरं ऐकण्यासारखं माझ्यात काय आहे?

त्या वर्षी टोपली उचलायला गेले तर जाऊ मधे येऊन उभी राहिली.

"बाय, तू लांब राहा."

"का?"

"तुझ्यात मेलेल्याचं हाड आहे. ते कोणी पाण्यात सोडलेलं नाही. तुझं सुतक फिटलेलं नाही."

"आणि कारखान्याचं असलं तर?"

"तर तसं विचारून ये. मग भर."

मी म्हटलं, बोर्डीला मी हजारो कलमं बांधलीत, चिकूच्या खाली रायणीचं मूळ असतं, म्हणून काय झाडाला रायणं येतात?

"रायण जिवंत असते," ती म्हणाली. "तू मेलेल्याचं लावून घेतलंस."

मुलगा बैलांच्या मुसक्या सोडत होता, तो सोडतच राहिला. जावेने टोपली भरली. भरताना तिने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं. पण तेव्हा मला तिची कीव आली नाही. मी खळ्यावरून निघाले ती सडकेपर्यंत गेले आणि सडकेवरून तशीच पुढे.

जावेचं हाडांवरून इतकं का, ते सांगायला हवं. माझा दीर गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. आमच्या इकडचे पुष्कळ जातात, भात झालं की. एका वर्षी तो बोटीवरून पडला आणि सापडलाच नाही. आमच्यात जाळल्यावर तिसऱ्या दिवशी हाडं सावडतात आणि नदीत सोडतात, मग मेलेला सुटतो. याचं सावडायला काही नव्हतं. भगताने पिठाचा पुतळा करून दिवस घातले, पण जावेचं समाधान झालं नाही. गावातले तिला समजावायचे, अगं, तो तर आधीच पाण्यात आहे, आणखी काय सोडणार? ती म्हणायची, "पडलेला वेगळा, सोडलेला वेगळा. सोडायला हात लागतो." बोलून बोलून लोक थकले. ती थकली नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरला सरळ विचारलं, माझ्यात काय भरलंय? त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. टोपलीचंही सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्या अभ्यासवाल्या मुलीकडे बघून तो म्हणाला, "आजी, तुम्हाला हवंच असेल तर मी आत्ता सांगतो. तुमचं शरीर आहे. पण मग तुम्ही या मोजणीतून बाहेर."

मुलीला माहीत नव्हतं, त्याला होतं. त्याने हातांनी भरलं होतं. तो टेबलापलीकडे बसला होता आणि उत्तर त्याच्या तोंडात होतं. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मुलगा म्हणाला, विचारून टाक ना आई, एकदाचं होऊन जाईल.

मी नको म्हटलं.

यात मोठेपणा काही नव्हता. मोजणी बिघडेल हे एक होतंच, अर्धा वाफा कापून नेला तर बियाण्याचा हिशोब लागत नाही. पण खरं म्हणजे मला भीती होती. मेलेल्याचंच निघालं तर जाऊ जिंकली, मग टोपली कायमची गेली. माहीत नव्हतं तोवर अर्धी बाजू माझी होती. अर्धीवर भांडता येतं.

पण ती अर्धी बाजू मला बसू देईना. पूर्वी पायांना सवय म्हणून चालायची, आता डोक्यासाठी चालायला लागले. चालता चालता हात मागे कमरेवर जायचा. आत कोण आहे? बाई असेल तर कुठली? बाप्या असेल तर कशाने मेला? घरात दाण्यांच्या कणगीजवळ गेले की जाऊ ओटीवरून बघायची, ती बघते म्हणून मी हात मागे घ्यायची, आणि हात मागे घेतला म्हणून मला राग यायचा. सुनेला भाकरी थापायला पीठ काढून देताना तिने एकदा परात स्वतःकडे ओढली. सहज ओढली असेल. मी त्या दिवशी जेवले नाही.

होळीच्या सुमाराला जाऊ आपणहून आली. ओटीच्या खालीच उभी राहिली.

"टोपली मला नकोय," ती म्हणाली. "मी काय हौसेने भरली? बी रुजलं नाही तर पोरं मलाच बोलतील. भगताला विचारूया."

भगत म्हातारा होता. तो आला, तंबाखू मळत बसला आणि प्रश्न विचारू लागला. हाड कोणाचं? माहीत नाही. बाई की बाप्या? माहीत नाही. गाव? माहीत नाही. मग नाव काय घेऊ? मी म्हटलं, आहे की नाही तेच माहीत नाही, नावाचं काय घेऊन बसलास. त्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, हाड बाहेर निघत नाही, तर जिच्यात आहे तिलाच पाण्यात न्या. पण तिने स्वतः बुडी मारून चालणार नाही, सोडणारा हात दुसऱ्याचा हवा.

त्याने जावेकडे बघितलं. जावेने मान हलवली.

सूर्या नदीला त्या दिवसांत पाणी फार नसतं. जीपने गेलो, पुलापासून आत चालत गेलो. मी पट्टा सोडून दगडावर ठेवला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, म्हणजे पाठ बुडवायची तर त्यात उकिडवं बसायला हवं, आणि नेमकं तेच मला बंद होतं. एवढं सांगितलेलं मोडून मी बसले. जाऊ माझ्यामागे उभी राहिली. तिने माझ्या पाठीवर, टाके होते तिथेच, तळहात ठेवला. त्या सकाळच्या आंघोळीनंतर तिने मला पहिल्यांदाच हात लावला होता. भगत काठावरून म्हणाला, "जो कोणी असेल, बाई असेल, बाप्या असेल, त्याला वाट मोकळी." जावेने दाबलं. पाणी खांद्यावरून गेलं. तिने हात लगेच काढला नाही. भगताने दोनदा सांगितलं, झालं म्हणून, तेव्हा काढला.

मी उठायला गेले आणि पायाखालचा गोटा फिरला. सबंध आदळले, बुडावर, दगडात. कमरेतून वीज गेल्यासारखी कळ गेली.

"बाय, मोडलं काय गं?"

"मला आतलं दिसतं का?" मी म्हटलं. पण मीही घाबरले होते. जावेने आणि भगताने बगलेत हात घालून मला बाहेर काढलं. जीपमध्ये जाऊ मला चिकटून बसली. खड्डा आला की मला धरायची. सुतक फिटलं होतं, आता माझा कणा फिटला की काय ते बघायचं होतं.

तपासणीला अजून काही आठवडे होते. मुलाला मी सांगितलं नाही, तो ओरडला असता. चालायची तशी चालत राहिले, पण आता प्रत्येक पावलाला आत काही हलतं का ते ऐकत चालायची. कलम बांधल्यावर कोणी रोप हलवलं तर ते वरून हिरवंच दिसतं. जुळलं नाही हे फार उशिरा कळतं, पानं सुकतात तेव्हा. माझी पानं कुठली, ते मला माहीत नव्हतं.

तपासणीला त्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं, मधल्या काळात काही झालं का, पडलात का? मी म्हटलं, पडले, नदीत. कशी, ते सगळं सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली. मग उठून डॉक्टरला बोलवायला गेली. त्याने मला त्या गोल यंत्रात घालून फोटो काढायला लावला. बाहेर बाकावर थांबायला सांगितलं, मी जिन्यावरून वर-खाली करत राहिले. रखवालदाराने दोनदा हटकलं.

डॉक्टरने पडद्यावर दाखवलं. स्क्रू जागच्या जागी होते. दोन मणक्यांच्या मधे पांढरट धूसर असं काही धरलं होतं, गाठ मारल्यासारखं.

"धरतंय," तो म्हणाला. "नशीब समजा. पुन्हा नदी नको. मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही सांगत होतात. मीच नको म्हटलं."

परत आले तेव्हा जाऊ सडकेवर उभी होती. कधीपासून, ते तिलाच माहीत. मी जीपमधून उतरायच्या आधी तिने विचारलं, "हाड राहिलं ना जागेवर?"

"आता का? सोडलंस ना तू ते?"

"माणसाला सोडलं," ती म्हणाली. "हाड तुझं आहे, ते राहू दे."

त्या वर्षी भात चांगलं आलं. जावेने भरलेलं बी होतं, तेही रुजलं. खळ्यावर तिने टोपली माझ्याकडे सरकवली आणि मी भरली. वाकून नाही, मुलाने रास उंच लावली होती, मी उभ्यानेच भरली. जुनी पद्धत बदलली म्हणून कोणी काही बोललं नाही. पट्टा सुटला. माझी दोन वर्षं पुरी झाली, पण बाकीच्यांची व्हायची होती. अभ्यासवाली मुलगी फोनवर म्हणायची, आजी, अजून थोडं थांबा. मी म्हणायची, मला काय घाई आहे? घाई होती. टोपली परत मिळाली तरी कमरेमागे हात जायचा तो जातच होता.

मग २०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आमच्याकडे, तलासरीकडे, डहाणूपर्यंत. आधी मांडणीवरची भांडी वाजली, मग रोजचंच झालं. भिंतींना चिरा गेल्या. खाली काहीतरी गडगडायचं आणि पाठोपाठ धक्का. लोक घरात पाय ठेवेनात. प्लास्टिकचे तंबू आले, माणसं अंगणात, खळ्यावर, बांधावर. कोणालाही बसवत नव्हतं, जो तो उठायचा, बघायचा, दोन पावलं जायचा, परत यायचा. सगळा तालुका माझ्यासारखा झाला. शेजारचा तो मला म्हणाला, बाय, आता आम्ही पण एसटी. मी म्हटलं, तुम्ही निदान तिकीट न काढता बसलात.

त्याच दिवसांत फोन आला. सगळ्यांचं पुरं झालं, येऊन जा. मुलगा म्हणाला, फोनवरच विचार. मी म्हटलं, नाही, एवढं थांबले ते फोनवर ऐकायला नाही.

ती मुलगी आता थोडी जाड झाली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं. तिने फार ताणलं नाही. "आजी, तुम्हाला कारखान्याचे दाणे मिळाले होते. माणसाचं हाड नव्हतं."

मी विचारलं, मग यात आता आहे ते काय? ती म्हणाली, दाणे बरेचसे विरून गेलेत, त्यांच्या जागी तुमचंच हाड वाढलंय. मी विचारलं, दोनात चांगलं कुठलं ठरलं? ती म्हणाली, ते अजून मांडतोय. मी म्हटलं, मांडा.

मला हसू यायला हवं होतं. तीन वर्षं मी ज्याला पाठीवर घेऊन फिरत होते तो नव्हताच. परत येताना जीपमध्ये मी खिडकीची बाजू सोडून मधे बसले, कारण खिडकीशी बसलं की उडी मारून चालत सुटावंसं वाटत होतं. पहिल्या वर्षीची टोपली माझीच होती, हेच डोक्यात फिरत होतं. हे मी जावेच्या तोंडावर कसं टाकायचं, त्याची वाक्यंसुद्धा तयार केली. चारोटीपर्यंत दोन-तीन चांगली जमली होती.

आमची मळणी त्या वर्षी धक्क्यांमुळे लांबली होती. गेले तेव्हा जाऊ खळ्यावरच होती, रास लावून झाली होती. घरात जायची भीती, म्हणून पोरंबाळं पलीकडे झाडाखाली होती. ती राशीशी एकटी बसली होती. पहिली टोपली माझ्यासाठी रिकामी ठेवली होती.

"काय म्हणाले?"

"कारखान्याचं निघालं. मेलेल्याचं काही नव्हतं माझ्यात."

मी थांबले. आता ती काही बोलेल आणि मग मी माझी वाक्यं काढीन, असं ठरवलं होतं. ती हाताखालचं भात इकडून तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "मग त्या दिवशी नदीत आपण कोणाला सोडलं?"

"मला काय माहीत? भगताला विचार."

"त्याने नाव घेतलं होतं का?"

"कुठलं घेणार? जो कोणी असेल तो, असं म्हणाला."

"बाप्या असेल, असंही म्हणाला ना?"

"म्हणाला."

"आणि हात माझा होता."

"तुझाच होता," मी म्हटलं. "काढत नव्हतीस."

जाऊ नवऱ्याचं नाव घेत नाही, आमच्यात बाया घेत नाहीत. तिने तेव्हाही घेतलं नाही. पण ती कोणाचा विचार करतेय ते मला कळलं. जीपमध्ये तयार केलेली वाक्यं होती, ती मी तशीच ठेवली. पुढे कधीतरी भांडणात वापरली असती, पण वापरली नाहीत.

"मग झालं," ती म्हणाली आणि टोपली माझ्याकडे ढकलली. "भर आता. उन्हं उतरतायत."

मी टोपली घेतली. तेवढ्यात खाली गडगडलं आणि खळं हललं. झाडाखालून पोरं ओरडली. राशीच्या उतारावरून भात घरंगळत खाली आलं, जावेच्या पायांपर्यंत. एरवी अशा वेळी ती सगळ्यांच्या आधी पळायची. त्या दिवशी बसून राहिली आणि सांडलेलं भात दोन्ही हातांनी परत राशीवर ओढू लागली. मी मात्र उठलेलीच होते. उभ्यानेच टोपली भरली.